लावते, खात नाही

थंडी यंदा उशिरा आली, पण आली ती मुक्कामाला आल्यासारखी. सकाळी ओट्यावर ऊन यायच्या आधी शेताकडून धूर येतो. त्या धुरात गोवऱ्यांचा वास असतो, कोवळ्या ज्वारीचा असतो, जळलेल्या कुसाचा असतो. हुरडा. कुणीतरी बांधावरून हाक मारतं, "चला आजी, आगटी पेटली." बाकीच्यांचे पाय उचलतात, माझी आधी जीभ उचलते. ती डाव्या गालाकडे जाते, आतून वरपासून खालपर्यंत एकदा फिरते, शेवटच्या दाढेमागच्या कोपऱ्यात थांबते, चाचपते. तिने काही नाही म्हटलं की मगच मी चप्पल घालते.

चार हिवाळे झाले. ही राखण जिभेला कुणी नेमून दिली नव्हती, तिची तिनेच घेतली. झोपेतून उठले की पहिली फेरी तिचीच. देवाचं नाव दुसरं.

हे सगळं मिश्रीमुळे. आमच्या तीर्थपुरीकडच्या बाईला मिश्री म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण लांबचा कुणी वाचत असेल तर तो खडीसाखर समजायचा. तितकी गोड गोष्ट नाही ही. तंबाखूचं पान लोखंडी तव्यावर काळंकुट्ट होईस्तोवर भाजायचं, तळहातावर चोळून पूड करायची, डबीत भरायची. सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना घासायची. घासून झालं की चूळ भरायची असा नियम आहे. पण बोट तोंडातच राहतं. शेजारीण येते, गोष्टी निघतात, ऊन ओट्याच्या कडेला पोचतं, तरी बोट आपलं तोंडात.

आणि या कामाला आमच्याकडे शब्द आहे 'लावणं'. तंबाखू खातात ती माणसं वेगळी. ती पिचकाऱ्या मारतात, त्यांना व्यसन असतं, त्यांच्या बायका रडतात. मिश्री लावतात. कुंकू लावतात, तेल लावतात, तशी मिश्री लावतात. माझी सगळी अक्कल आयुष्यभर या एका शब्दावर बसून राहिली, म्हशीच्या पाठीवर बगळा बसावा तशी.

लग्न होऊन आले तेव्हाची सरू मला अजून दिसते. मीच ती, पण तिला 'मी' म्हणायला आता जीव धजत नाही. दात पांढरे, नाक वर. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, दात दिसायला चांगले हायेत पण मजबुती न्हाई. लाव थोडी." सरूने लावली आणि भिंतीला धरून खाली बसली. अंगण फिरत होतं, पोटातलं वर आलं होतं. सासूबाई हसल्या. "पहिल्यांदा समद्यांलाच चक्कर येती. मंग सवय होती." शरीर एवढं स्पष्ट नको म्हणत होतं, पण सरूला वाटलं, आपण माहेरी लाडावलेल्या, म्हणून सोसत नाही. महिन्याभरात तिने सवय करून घेतली आणि वर त्याचा अभिमान धरला.

पुढे तर ती शहाणीच झाली. आमचे हे तेव्हा बिडी ओढायचे. एका दुपारी सरूने त्यांचं बिडीचं बंडल शोधून काढलं आणि चुलीत घातलं. "छाती जाळून घ्यायची हौस असंल तर आधी मला माहेरी धाडा," असं म्हणाली. माणूस भला. एक दिवस धुसफुसला, मग खरंच सोडली. सरू गल्लीभर सांगत सुटली की नवऱ्याचं व्यसन मी सोडवलं. सांगताना बोट तोंडात. आणि ज्या चुलीत बिड्या जाळल्या, त्याच चुलीवर दुसऱ्या दिवशी तवा ठेवून तंबाखू भाजली. धुराने खोकला आला तेव्हा खिडकी उघडली. खिडकी उघडण्याइतकी अक्कल होती बाईला.

एकदा बदनापूरला लग्नाला गेल्तो. सरू डबी घरी विसरली. सकाळपासून डोकं धरलेलं, पोट साफ नाही, कुणाशी बोलायला गेली की शब्द वाकडा. इकडे मंगलाष्टका सुरू झाल्या आणि ही मांडवाच्या मागे, पाणी भरणाऱ्या बायकांमध्ये डबी शोधत फिरतेय. मिळाली एकदाची. तोंडात बोट घालून डोळे मिटले तेव्हा तिकडे वाजंत्री वाजली. अक्षता कुणावर पडल्या ते मला आजही माहीत नाही. तरी त्या बाईला कुणी विचारलं असतं, तुला व्यसन आहे का, तर तिने त्याचं तोंड रंगवलं असतं.

चार वर्षांपूर्वीचा हुरडा चांगला होता. दाणा गोड, दुधाळ. आगटीभोवती सगळे बसलेले, हे कणसं भाजत होते, मी तळहातावर चोळून फुंकर मारून वाट्यांत टाकत होते. कल्पनाने, माझ्या सुनेने, लसणाची चटणी केली होती. मी घास तोंडात टाकला आणि डाव्या गालात कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी आलं.

"किती मिरच्या घातल्या गं? माणसं जेवायची हायेत का मारायची हायेत?"

कल्पना म्हणाली, "रोजच्याइतक्याच हायेत, आत्याबाई."

मी ऐकते होय? तीन दिवस मी त्या चटणीवरून तिला बोलत राहिले. चौथ्या दिवशी तिने साधं वरण केलं, बिनमिरचीचं, आणि ताट पुढे ठेवून उभी राहिली. वरण कोमट होतं. तेही झोंबलं. मी मान खाली घालून जेवले. मिरचीचा विषय त्या दिवशी संपला हे दोघींनाही कळलं.

दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी आरसा घेऊन दारात उजेडाला बसले. बोटाने गाल ओढला. आत पांढरा चट्टा होता, दुधाची साय भांड्याला चिकटून वाळावी तसा. बोटाने घासला, निघेना. पदराने घासला, निघेना. नेमका तिथेच, जिथे रोज सकाळी माझं बोट जाऊन थांबायचं.

मी आरसा पालथा ठेवला. कुणाला सांगितलं नाही. दुधात भाकरी कुस्करून खाऊ लागले. 'दाढ दुखती' म्हणू लागले. आणि दाढ दुखते म्हणून मिश्री दोनदा लावू लागले. हसा, हसण्यासारखंच आहे. सरू तेव्हा साठीला आली होती, पण मेली नव्हती.

त्याच आठवड्यात आशाताई आली. आमच्या गावचीच सून, हातात फॉर्म, गळ्यात पिशवी. कोण कुठल्या आजाराचं हे घरोघर लिहून नेत होती. मला म्हणाली, "मावशी, तंबाखू खाता का?"

"न्हाई बाई."

"गुटखा, सुपारी?"

"छे. आपल्या घरात न्हाई ते."

तिने फुल्या मारल्या. मी खोटं बोलले नव्हते. शपथेवर सांगते, मला खोटं बोलल्यासारखं वाटलंही नाही. माझ्या कमरेला डबी होती, आणि मी तंबाखू खात नव्हते. कल्पना मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिच्या बघण्यात काहीतरी होतं जे मला नीट उमगलं नाही. मला वाटलं, माझ्याकडे बघतेय.

आशाताई गेल्यावर कल्पना म्हणाली, "उद्या जालन्याला जाऊ."

"कशाला?"

"तुमच्या दाढंला."

तीर्थपुरीहून पहिल्या बसने निघालो. अंबडपर्यंत दोघीही खिडकीबाहेर बघत होतो. मोसंबीच्या बागा धुक्यात उभ्या, कुठे उसाच्या मोळ्या, कुठे नुसतं काळं रान. एरवी मी बसमध्ये बसले की शेजारच्या बाईचं माहेर, सासर, दुखणं सगळं काढून घेते. त्या दिवशी जीभ कामात होती.

डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्या नातीसारखी. तिने दिवा लावून तोंडात पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खुर्चीवर मागे सरकून विचारलं, "तंबाखू खाता का आजी?"

"न्हाई."

तिने कल्पनाकडे पाहिलं. कल्पनाने पिशवीत हात घातला, एक डबी काढली आणि टेबलावर ठेवली. माझा हात आपोआप कमरेला गेला. माझी डबी कमरेलाच होती.

मला समजायला वेळ लागला. टेबलावरची डबी लहान होती, झाकणाला निळी फुलं होती. ती मी कधी पाहिली नव्हती.

"हे काय आहे?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"मिश्री," कल्पना म्हणाली. "आत्याबाई खोटं बोलून न्हाई राहिल्या, मॅडम. आमच्याकडं हिला खाणं म्हणत न्हाईत. लावणं म्हणतात. त्याबी लावतात, मीबी लावते."

डॉक्टरीणबाईने झाकण उघडून वास घेतला. "कशाची करता?"

कल्पनाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याच तोंडातून निघालं, "तंबाखूची."

एवढं म्हणायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली होती. शब्द तर पहिल्यापासून माहीत होता.

कल्पनाची थोरली मुलगी झाली तेव्हा तिच्या दाढा ठणकत होत्या. बाळंतिणीला डॉक्टरकडे कुठे न्यायचं म्हणून मी तिच्या बोटावर चिमूटभर ठेवली होती. "लाव, दाढ बसंल." ती भिंतीला धरून खाली बसली. आणि मी हसले होते. सासूबाई हसल्या होत्या तश्शीच. मला वाटलं होतं, दोन-चार दिवसांत तिने सोडली असेल. तिने सासूसमोर लावायची सोडली होती, इतकंच.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "तुम्ही पण या. तोंड उघडा."

दिव्याचा उजेड कल्पनाच्या तोंडात पडला आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. माझ्या तोंडात बघत होती तेव्हा मी एवढी भ्यायले नव्हते. कॅलेंडरवर कुठल्यातरी डोंगराचं चित्र होतं. त्या डोंगरावर किती झाडं होती ते मी आजही सांगू शकेन.

तिचा गाल लालसर झाला होता, चट्टा नव्हता. "आज बंद केलीत तर हा भाग सुधारू शकतो," बाई म्हणाली. "आजींचा मात्र तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

तुकडा तिळाएवढा होता, काढला तिथे एक टाका घातला. रिपोर्टला अकरा दिवस लागले, आणि मध्येच संक्रांत आली. घरात तीळ भाजल्याचा वास, आणि मी टाक्याच्या बाजूला तीळ जाऊ नये म्हणून उजव्या गालाने चावतेय. तिळाएवढं ते काय, आणि घर त्याच्यापुढे मुकं झालेलं.

निघताना बाईने एका कागदावर लिहून दिलं होतं. तंबाखू, मिश्री, सुपारी बंद. तळलेलं कमी. पालेभाजी रोज, फळ रोज, जाडंभरडं धान्य, रोज चालणं. मी विचारलं, "हे समदं केलं तर त्यो रोग होत न्हाई ना?" तिने मला फसवलं नाही. म्हणाली, "तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, आजी. सगळं नीट करणाऱ्यालाही होतो कधी कधी. पण धोका कमी होतो. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट त्या डबीत आहे. भाज्या खाऊन डबी ठेवली तर उपयोग नाही."

कागद घरी ह्यांनी वाचला. पालेभाजी, ज्वारी, चालणं. वाचून म्हणाले, "हे तर माझी आई रोजच करायची." आणि मग कागदाची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता, "चूल तीच व्हती ना गं?"

बिड्यांचं उट्टं माणसाने तीस वर्षांनी काढलं. 

खरं तर त्या कागदातलं सगळं आमच्या अंगणात होतं, आणि सरूनेच ते हाकलून दिलं होतं. चार पैसे दिसायला लागल्यावर तिला ज्वारीची लाज वाटू लागली. पाहुणे आले की भाकरीची टोपली फळीवर चढायची आणि गव्हाच्या पोळ्या खाली उतरायच्या. जवसाची चटणी गावंढळ ठरली, चहाबरोबर बेकरीचे टोस्ट आले. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडायचा तर कंबर मोडते, त्यापेक्षा वडीगोद्रीच्या रस्त्यावरची गरम भजी बरी, कढईतलं तेल काळं असलं म्हणून काय झालं. मळ्यापर्यंत चालत जायची ती पोराच्या मोटारसायकलवर मागे बसू लागली. बसताना इकडेतिकडे बघायची, कुणी बघतंय का म्हणून.

त्या अकरा दिवसांत आम्ही दोघींनी डब्या रिकाम्या केल्या. सकाळ कशी जायची ते सांगून कळणार नाही. डोकं दगड, पोट गच्च, आणि बोट आपलं आपण तोंडाकडे. ओट्यावर सासू एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला, दोघींची रिकामी बोटं तोंडात. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघींनी बोटं काढून पदराला पुसली. त्या दिवसापासून ती भाजलेल्या जवसाची वाटी मधोमध ठेवू लागली. हात शिवशिवला की चिमूटभर जवस. मला टाक्यामुळे चावता येईना, मी नुसती बोटांत घोळवत बसायची.

आमच्या भिंतीपलीकडची हमीदा, माझी तव्याची जोडीदारीण, भिंतीवरून डोकावली. आम्ही दोघी वर्षानुवर्षं एकाच तव्यावर भाजत आलेल्या.

"अगे सरू, आज तवा नै रखना क्या?"

"सोडली म्या."

"सोडली? बिलकुल?" ती भिंतीला रेलली. "तेरे बगैर मैं किसके सात बैठूं?"

मी तिला चट्ट्याचं सांगितलं. तिने ओढणी तोंडावर घेतली आणि भिंतीआड गेली. पुन्हा आठवडाभर तिचं डोकं वर आलं नाही. आजारी माणसापासून लोक का पळतात ते मला तेव्हा कळलं. तिला माझी भीती नव्हती, तिला तिच्या गालाची भीती होती.

फोन आला तेव्हा आम्ही हरभऱ्यात होतो, शेंडे खुडत. सकाळच्या दवाने पाल्यावर आंब धरलेली असते, आंबट, हाताला चिकटते, बोटांची आग करते. फोन कल्पनाच्या कमरेला वाजला. तिने काढला, बोटाने सरकवला, उघडेना. बोट आंबेने ओलं. पदराला पुसलं, पुन्हा सरकवला. उघडेना. वाजून वाजून बंद झाला. आम्ही दोघी त्या काळ्या काचेकडे बघत उभ्या. मला तिला म्हणता येईना की थांब, घाई नको, कारण मला घाई होती आणि नकोही होती.

पुन्हा वाजला. या वेळी तिने नाकाने सरकवला. एरवी मी पोट धरून हसले असते.

"रिपोर्ट आलाय," ती म्हणाली. "उद्या या म्हणले."

"काय हाय त्यात?"

"ते डॉक्टरच सांगतील म्हणले."

उरलेली ओळ आम्ही खुडून पुरी केली. अर्धी टोपली घेऊन घरी गेलो असतो तर ह्यांना कळलं असतं.

डॉक्टरीणबाईने कागद दोनदा वाचला. कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या, तिकडच्या दिशेने. चट्टा काढून टाकायचा, मिश्रीला पुन्हा हात लावायचा नाही, आणि दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं, कायमचं. परतीच्या बसमध्ये मी कल्पनाला म्हणाले, "म्हंजे गाडी त्याच रस्त्याला लागल्ती. गाव यायच्या आधी उतरवलं मला." ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. तिला जवळ घ्यावं असं वाटलं. घेतलं नाही. अंबड आलं तेव्हा उतरून दोन मोसंब्या घेतल्या आणि एक सोलून तिच्या मांडीवर ठेवली. आमच्यात माफी अशीच मागतात.

तेव्हापासून भाकरीची टोपली फळीवरून उतरली ती उतरलीच. कुणी पाहुणा पोळी मागेल तर त्याला भाकरीच मिळते, वर जवसाची चटणी आणि माझं भाषण. चट्टा परत आला नाही. येणार नाही असं कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तर जीभ फिरते.

यंदा आशाताई पुन्हा फॉर्म घेऊन आली. मी तिला ओट्यावरच अडवलं.

"असं इचारू नको, तंबाखू खाता का म्हणून. समद्या न्हाई म्हणतील आन् खऱ्या बोलतील. इचार, काय लावता?"

ती हसली. तिला वाटलं म्हातारीची गंमत. मी उठून तिच्याबरोबर हमीदाच्या दारात गेले.

"हमीदा, काय लावतीस गं दाताला?"

हमीदाने माझ्याकडे पाहिलं, आशाताईच्या पेनाकडे पाहिलं. मग हळूच कमरेची डबी काढून माझ्या हातात दिली. "तूच रख," म्हणाली. "तुझ्या गालाचं ऐकलं तवापासून मला धड लावताबी येत न्हाई, धड सोडताबी येत न्हाई." पुढच्या मंगळवारी कल्पना, हमीदा आणि मी, आम्ही तिघी जालन्याला जाणार आहोत. मी बसमध्ये हमीदाला खिडकीची जागा देणार आहे.

पण आज हुरडा. आगटी लाल झालीय. हे कणसं वर-खाली करतायत, कुणाला हात लावू देत नाहीत. कल्पनाने चटणीचं भांडं आणलं. बाकीच्यांना हे ठाऊक नाही, पण चार वर्षं आमच्या दोघींचा एक नेम आहे. हुरड्याचा पहिला घास, त्यावर चटणी, आणि तो मुद्दाम डाव्या गालात ठेवायचा. आधी मी, मग ती. डॉक्टरीणबाईच्या दिव्याआधी आमचा हा दिवा.

मी चोळलं, फुंकर मारली, दाणे तळहातावर हिरवे चमकले. चटणी घेतली. घास गालात ठेवला आणि डोळे मिटले.

"झोंबतं का?" कल्पनाने हळू विचारलं.

"झोंबतं."

तिचा हात माझ्या मनगटावर आला.

"कुठं?"

मी थांबले. तिला उगाच ताटकळत ठेवलं नाही, खरंच नीट बघत होते. गाल गप्प होता.

"जिभंला," मी म्हणाले.

मग तिने घास घेतला. चावला. पुन्हा चावला.  आगटीत एक कणीस तडतडलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, पाणी येतंय का, कुठून येतंय. एवढा वेळ तिने गेल्या वर्षी लावला नव्हता.

शेवटी तिने गिळलं, डोळे कोरडेच होते. "मीठ कमी पडलंय, आत्याबाई," म्हणाली.

मीठ बरोबर होतं. मी तरी, आयुष्यात पहिल्यांदा, तिच्या चटणीला नाव ठेवलं नाही.